विश्लेषण : खडकातले चुंबकत्व वाचण्याआधी ते पुसावे का लागते? पॅट्रिक ब्लॅकेट आणि दख्खनच्या पाषाणाची गोष्ट

खंडाळ्याच्या घाटातला काळा पाषाण दिसायला साधा. पण त्यातील लोहखनिजाच्या बारीक कणांनी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवली आहे. हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, हे त्या दिशेवरून कळते. ही नोंद वाचणाऱ्या सुरुवातीच्या गटांपैकी एका गटाचे प्रमुख होते नोबेल विजेते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट. मात्र जुन्या नोंदीवर नंतरच्या काळाची पुटे चढलेली असतात. ती काढावी लागतात आणि काढताना खडकच बदलला नाही ना, हेही तपासावे लागते. ब्लॅकेट यांचा खडकांपर्यंतचा प्रवास, त्यांच्या निष्कर्षांवरील शंका आणि त्या दूर करणाऱ्या मोजमापांविषयी…

ब्लॅकेट कोण होते?

पॅट्रिक मेनार्ड स्टुअर्ट ब्लॅकेट यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. शिक्षण नौदलाच्या शाळेत झाले. पहिल्या महायुद्धात १७व्या वर्षी ते फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत होते आणि १९१६च्या जटलंडच्या लढाईत ‘बारहॅम’ या युद्धनौकेवर होते. युद्ध संपल्यावर नौदलाने तरुण अधिकाऱ्यांना अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी केंब्रिजला पाठवले. तिथली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा पाहून ब्लॅकेट यांनी नौदल सोडले आणि ते अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या हाताखाली काम करू लागले.

तिथे त्यांनी बाष्पकोठी या उपकरणात कणांच्या मार्गाची सुमारे २३ हजार छायाचित्रे घेतली. त्यातील फक्त आठ छायाचित्रांत नायट्रोजनचे केंद्रक फुटून त्याचा ऑक्सिजन झाल्याचे दिसले. हजारो नोंदींतून खऱ्या खुणा वेचून काढण्याची ही चिकाटी पुढे खडकांच्या कामातही उपयोगी पडली. विश्वकिरणांवरील आणि बाष्पकोठीवरील कामासाठी त्यांना १९४८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जहाजांचे काफिले किती मोठे असावेत, यांसारखे प्रश्न आकडेवारीने सोडवणाऱ्या ‘ऑपरेशनल रिसर्च’ या शाखेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. शहरांवरील सरसकट बॉम्बफेकीला आणि पुढे ब्रिटनच्या अणुबॉम्बला त्यांनी विरोध केला. त्याची किंमत म्हणून सरकारी वर्तुळात ते बराच काळ बाजूला पडले.

सोन्याच्या दंडगोलाचा प्रयोग काय होता?

पृथ्वीला चुंबकत्व कशामुळे येते, हा प्रश्न १९४७ मध्ये सुटलेला नव्हता. ब्लॅकेट यांनी एक धाडसी कल्पना मांडली. स्वतःभोवती फिरणाऱ्या कोणत्याही अवजड वस्तूभोवती, केवळ ती फिरते म्हणून, चुंबकीय क्षेत्र तयार होत असावे. पृथ्वी, सूर्य आणि एक तारा यांचे आकडे या कल्पनेशी जुळत होते. कल्पना खरी ठरली असती तर गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व यांना जोडणारा निसर्गाचा नवाच नियम हाती आला असता.

ती तपासण्यासाठी त्यांनी शुद्ध सोन्याचा १५.२ किलोचा दंडगोल घेतला. त्याची उंची आणि व्यास प्रत्येकी १० सेंटिमीटर होता. सोने बँक ऑफ इंग्लंडकडून उसने आणले होते. सोनेच का? कारण ते अतिशय जड असते आणि स्वतः चुंबकीय नसते. पृथ्वीबरोबर हा दंडगोलही फिरतोच. त्यामुळे कल्पना बरोबर असती, तर त्याच्याजवळ पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण असे क्षेत्र सापडायला हवे होते. ते मोजण्यासाठी ब्लॅकेट यांनी अत्यंत संवेदनशील मॅग्नेटोमीटर तयार केला आणि जॉड्रेल बँक येथे चुंबकीय धातू टाळून बांधलेल्या लाकडी झोपडीत तो बसवला.

काहीच सापडले नाही. कोळशाच्या खोल खाणींत सहकाऱ्यांनी घेतलेली मोजमापेही त्यांच्या विरोधात गेली. ब्लॅकेट यांनी १९५२ मध्ये आपल्या कल्पनेच्या अपयशाचा सविस्तर निबंध स्वतःच प्रसिद्ध केला. शीर्षकातच हा प्रयोग नकारात्मक असल्याचे म्हटले होते. सिद्धांत गेला, पण उपकरण उरले. क्षीण चुंबकत्व मोजणारे असे यंत्र आणखी कशासाठी वापरता येईल? उत्तर होते, खडकांसाठी.

खडक दिशा कशी लक्षात ठेवतो?

लाव्हा थंड होऊ लागला की त्यातील मॅग्नेटाइटसारखी खनिजे एका ठरावीक तापमानाखाली चुंबकीय होतात. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी हे तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअस आहे. त्या क्षणी पृथ्वीच्या क्षेत्राची जी दिशा असते, ती कणांत गोठते. याला अवशिष्ट चुंबकत्व म्हणतात. गाळाच्या खडकांत बारीक चुंबकीय कण तळाशी बसताना क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि तशीच नोंद राहते.

या नोंदीतून अक्षांश काढता येतो. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी तिरपी होत जाते आणि चुंबकीय ध्रुवावर उभी राहते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते, दक्षिण गोलार्धात आकाशाकडे उचलले जाते. खडकात गोठलेला हा कल मोजला, की खडक तयार झाला तेव्हा ती जागा कोणत्या अक्षांशावर होती हे कळते.

ब्लॅकेट यांच्या गटातील जॉन क्लेग, मेरी आल्मंड आणि पीटर स्टब्स यांनी इंग्लंडच्या सुमारे २० कोटी वर्षांहून जुन्या तांबड्या खडकांवर काम करून १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळात इंग्लंड आजच्यापेक्षा विषुववृत्ताच्या बरेच जवळ होते आणि नंतर सुमारे ३० अंश फिरले, असे दिसत होते. दरम्यान १९५३ मध्ये ब्लॅकेट मँचेस्टर सोडून लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये आले होते आणि खडकांचे कामही तिथे आले.

भारताचा संबंध कसा आला?

ब्लॅकेट आणि होमी भाभा यांची ओळख केंब्रिजपासूनची. विश्वकिरणांच्या ज्या वर्षावाची छायाचित्रे ब्लॅकेट यांनी घेतली होती, त्याचे गणिती स्पष्टीकरण भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये दिले होते. १९४७ मध्ये ब्लॅकेट भारतात आले, नेहरूंना भेटले आणि पुढे स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाबाबत सल्लागार झाले.

खंडे खरोखर सरकतात का, याची सर्वांत मोठी परीक्षा भारतात होणार होती. युरोप किंवा अमेरिका थोडी हलली असेल, तर तो मोजमापातला दोष आहे, असे म्हणता येत होते. पण भारत दक्षिण गोलार्धातून आला असेल, तर फरक हजारो किलोमीटरचा असायला हवा. केंब्रिजमध्ये टेड अर्विंग यांनीही याच विचाराने दख्खनचे खडक अभ्यासले होते. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतातील खडकांवरील निबंध १९५६ मध्ये आला. दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि नंतर उत्तरेकडे सरकताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळला, असा त्याचा सूर होता.

आजच्या मोजमापांनुसार दख्खनच्या लाव्हाचा कल ४५ अंशांच्या आसपास भरतो. त्यावरून अक्षांश निघतो २७ ते ३० अंश दक्षिण. आज पश्चिम महाराष्ट्र १८ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. म्हणजे अंतर सुमारे पाच हजार किलोमीटरचे.

मग शंका कशाची होती?

केंब्रिजचे भूभौतिक शास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीझ यांना खंडवहन अजिबात मान्य नव्हते. साधे चुंबकसुद्धा निष्काळजीपणे हाताळले तर बिघडते. मग हातोड्याने फोडून प्रयोगशाळेत नेलेल्या दगडातील चुंबकत्वावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. आक्षेप तिखट होता, पण निराधार नव्हता.

खडकात एकाच काळाचे चुंबकत्व नसते. लाखो वर्षे आजच्या क्षेत्रात पडून राहिल्याने मऊ कणांवर नवी दिशा चढते. सह्याद्रीच्या माथ्यावर वीज पडली, की आसपासच्या पाषाणात तीव्र आणि वेडेवाकडे चुंबकत्व येते. पाणी आणि हवेने खनिजे बदलली तरी नवी नोंद तयार होते. शिवाय काही खडक थंड होताना क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित होतात, असे जपानमधील एका ज्वालामुखी खडकात १९५१ मध्ये दिसले होते. ब्लॅकेट यांनी ही शक्यता गंभीरपणे घेतली होती.

दख्खनमध्ये या पुटाचा परिणाम मोजता येतो. इथे काही थर सरळ, तर बरेचसे उलट दिशेने चुंबकित आहेत, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे झाले होते. आजचे क्षेत्र महाराष्ट्रात उत्तरेकडे आणि किंचित खाली झुकलेले आहे. ही दिशा सरळ थरांत मिसळली तर त्यांचा कल सौम्य होतो आणि भारत विषुववृत्ताच्या जवळ असल्यासारखा दिसतो. तीच उलट थरांत मिसळली तर कल तीव्र होतो आणि भारत फार दक्षिणेला असल्यासारखा दिसतो. म्हणजे एकाच डोंगरातील, जवळपास एकाच वयाचे थर दोन वेगळे अक्षांश सांगू लागतात. पुट निघाले तर दोन्ही दिशा एकमेकींच्या बरोबर विरुद्ध यायला हव्यात. ही परीक्षा पास झाली तरच पाच हजार किलोमीटरच्या दाव्याला अर्थ होता. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतची बरीच मोजमापे मात्र खडक सापडला तसाच मोजून केलेली होती.

विचुंबकन म्हणजे काय?

चढलेले चुंबकत्व टप्प्याटप्प्याने काढण्याच्या क्रियेला विचुंबकन, म्हणजे डीमॅग्नेटायझेशन म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा खडकाचा तुकडा सतत उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवतात आणि ते क्षेत्र हळूहळू शून्यावर आणतात. आजूबाजूचे पृथ्वीचे क्षेत्र आधी रद्द केलेले असते. त्यामुळे मऊ कणांच्या दिशा विखुरतात आणि त्यांचा एकत्रित प्रभाव संपतो. कठीण कण आपली दिशा सोडत नाहीत. पुढच्या टप्प्यात क्षेत्र वाढवायचे, पुन्हा मोजायचे. हे क्षेत्र १०० मिलिटेस्लापर्यंत, म्हणजे महाराष्ट्रातील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे अडीच हजार पट नेले जाते.

दुसरा प्रकार उष्णतेचा. तुकडा १०० अंशांपर्यंत तापवून शून्य क्षेत्रात थंड करायचा, मोजायचा. मग २००, ३०० असे करत पुढे जायचे. फ्रान्समध्ये एमिल तेलिए यांनी तापवण्याच्या या पद्धतीचा पाया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घातला होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस दोन्ही पद्धती रूढ होऊ लागल्या आणि जेफ्रीझ यांच्यासारख्यांच्या शंकेला प्रयोगाने उत्तर देता येऊ लागले.

मग ग्रहणशीलता का मोजायची?

खडकाचे आणखी एक चुंबकीय माप असते. त्याला चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे सस्केप्टिबिलिटी म्हणतात. बाहेरून अगदी क्षीण क्षेत्र लावले, तर खडक त्याला किती प्रतिसाद देतो, हे या मापातून कळते. अवशिष्ट चुंबकत्व ही जुनी नोंद असते, तर ग्रहणशीलता ही आत्ताची तयारी. तुकडा तारेच्या वेटोळ्यात ठेवून उलटसुलट होणाऱ्या क्षीण क्षेत्रात हे माप काही सेकंदांत घेता येते. जुने चुंबकत्व स्थिर असल्याने ते या मापात थेट मोजले जात नाही. म्हणून विचुंबकनाआधी आणि नंतर आकडा सारखाच यावा, अशी पहिली अपेक्षा असते.

प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. मोठ्या चुंबकीय कणात वेगवेगळ्या दिशांचे अनेक छोटे विभाग असतात आणि त्यांच्यामध्ये सीमा असतात. क्षीण क्षेत्र लावले की या सीमा थोड्या सरकतात, त्यातूनच प्रतिसाद मिळतो. विचुंबकनात याच सीमा जुन्या जागा सोडून नव्या जागी बसतात. तिथून त्या सहज सरकत असतील तर आकडा वाढतो, अडकून बसल्या असतील तर घटतो. क्षेत्र एकाच अक्षावर लावले असेल तर त्या दिशेची ग्रहणशीलता इतर दिशांहून वेगळी पडते. लाव्हा कोणत्या बाजूला वाहिला हे काढण्यासाठी दिशेनुसार बदलणारी हीच ग्रहणशीलता वापरतात. त्यामुळे एवढा फरकही निष्कर्ष चुकवू शकतो. म्हणून दिशांचे काम करायचे असेल तर ग्रहणशीलता विचुंबकनाच्या आधी मोजणे सुरक्षित.

उष्णतेने विचुंबकन केले तर बदल आणखी मोठा असू शकतो, कारण तिथे खनिजच बदलते. हवामानाने बदललेले मॅगहेमाइट तापून हेमॅटाइट झाले की ग्रहणशीलता कोसळते. लोह असलेली चिकणमाती किंवा पायराइट तापून नवे मॅग्नेटाइट तयार झाले की ती झपाट्याने वाढते. हे नवे मॅग्नेटाइट भट्टीत उरलेल्या किंचित क्षेत्राचीही दिशा पकडते आणि कोट्यवधी वर्षांच्या नोंदीत प्रयोगशाळेची नोंद मिसळते. म्हणूनच तापवण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर ग्रहणशीलता मोजतात. आकडा स्थिर असेल तर पुढे जायचे. अचानक उडी दिसली तर त्यापुढच्या दिशांवर विश्वास ठेवायचा नाही.

कणाचा स्वतःचा विरोध म्हणजे काय?

विचुंबकन या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो प्रत्येक मापात दडलेला असतो. कण चुंबकित झाला की त्याच्या दोन टोकांना ध्रुव तयार होतात आणि ते ध्रुव कणाच्या आत उलट दिशेचे क्षेत्र निर्माण करतात. मॅग्नेटाइटची मूळ ग्रहणशीलता खूप मोठी असली, तरी हा आतला विरोध तिला लगाम घालतो. गोल कणासाठी मोजलेला आकडा तीनच्या आसपास अडकतो. त्यामुळे खडकात आकारमानाने एक टक्का मॅग्नेटाइट असेल, तर ग्रहणशीलता साधारण ०.०३ भरते. याच हिशेबाने उलटे जाऊन खडकात मॅग्नेटाइट किती आहे, याचा अंदाज बांधता येतो. लांबट कणात लांबीच्या दिशेने विरोध कमी असतो, म्हणून त्या दिशेने ग्रहणशीलता जास्त येते.

मुंबईत काय घडले?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी खडकांच्या चुंबकत्वाचे काम उभे केले. डॉइच यांच्यासह त्यांचे दख्खनवरील निबंध १९५८ आणि १९५९ मध्ये आले. पण हा गट केवळ दिशा मोजून थांबला नाही. कोणता पाषाण नोंद टिकवतो आणि कोणता बेभरवशाचा, हा प्रश्न त्यांनी कणांच्या पातळीवर नेला. एस. डी. लिखिते आणि राधाकृष्णमूर्ती यांनी क्षीण क्षेत्रात, वेगवेगळ्या वारंवारितांवर खडकांची ग्रहणशीलता मोजणारे उपकरण तयार केले आणि १९६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तापमान बदलत ग्रहणशीलता कशी बदलते, यावरून कण मोठे आहेत की बारीक, हे ओळखता येते. राधाकृष्णमूर्ती यांनी बेसाल्टच्या चुंबकत्वावर पुढे ग्रंथही लिहिला.

अखेर काय ठरले?

ब्लॅकेट यांनी आपल्या पद्धतीला आणखी एक कसोटी लावली. चुंबकत्वावरून काढलेले प्राचीन अक्षांश त्यांनी प्राचीन हवामानाच्या खुणांशी ताडून पाहिले. वाळवंटी वाळूचे खडक, मिठाचे थर, प्रवाळ आणि हिमनद्यांच्या खुणा त्या त्या अक्षांशांशी मेळ खातात का, हे त्यांनी १९६१ मध्ये मांडले. १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत खंडवहनावर भरलेल्या परिसंवादाच्या आयोजकांत ते होते. काही वर्षांत समुद्रतळाच्या पुराव्यांसह भूपट्ट सिद्धांत सर्वमान्य झाला. १९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १३ जुलै १९७४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इम्पिरियल कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेला त्यांचे नाव आहे.

आज मोजमापे अतिसंवाहक मॅग्नेटोमीटरवर होतात, पण क्रम तोच राहिला आहे. आधी ग्रहणशीलता, मग टप्प्याटप्प्याने विचुंबकन आणि तापवल्यास प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा ग्रहणशीलता. अशा साफ केलेल्या नोंदींवरूनच पश्चिम घाटातील लाव्हाचा मोठा भाग एकाच उलट ध्रुवकाळात साचल्याचे ठरले. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही त्याच ध्रुवकाळात येतो. दख्खनच्या उद्रेकाचा त्या विनाशात किती हात होता, यावर आज जो वाद चालतो, त्यात घाटातील थरांची ही चुंबकीय नोंद महत्त्वाचा पुरावा मानली जाते.